पायाळू होता होता राहिलेल्या बाळाचा खुबा

लेकीचा दोन वर्षांचा एक्स-रे या जानेवारीत झाला आणि डॉक्टरांनी पहिल्यांदाच पुढची तारीख थेट एक वर्षानंतरची दिली. घरी आल्यावर फाइल उघडून बसले. सोनोग्राफीच्या फोटोंची शाई उडत चालली आहे, विम्याच्या पत्रांचा वेगळा गठ्ठा आहे, एका कागदावर दुधाचा डाग आहे. पावणेदोन वर्षांपूर्वी रात्री दोन वाजता मांडीवर बाळ घेऊन मी मोबाइलवर ‘बाळाचा खुबा निखळलेला’ असं शोधत होते, तेव्हा कुणीतरी पहिल्यापासून, तारखा लावून सांगितलेलं मला हवं होतं. म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. आमच्या बाळाला जे झालं आणि जसं कळलं, तेवढंच यात आहे.

गरोदरपणात ३६ आठवडे होईपर्यंत बाळ उलटं होतं, म्हणजे डोकं वर आणि ढुंगण खाली. ३७व्या आठवड्यात डॉक्टरांनी पोटावरून दोन्ही हातांनी दाब देत ते फिरवलं. दहा मिनिटांचं काम, पण पोटात कुणी कणीक तिंबतंय असं वाटत होतं. बाळ फिरलं, सगळे खूश झाले आणि ९ जानेवारीला ती डोक्याकडून जन्मली. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं गेलं: ‘डोकं खाली, नैसर्गिक प्रसूती, खुबे तपासले, ठीक.’

पायांकडून जन्मणाऱ्या बाळाला मराठीत पायाळू म्हणतात. पायाळू होता होता राहिलेल्या बाळाला मात्र शब्दही नाही आणि कार्डावर रकानाही नाही. खुब्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचं ठरतं ते शेवटच्या महिन्यातलं उलटं बसणं. जन्माच्या दिवशी बाळ कसं आलं यावर सगळं अवलंबून नसतं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बाळ शेवटच्या महिन्यात उलटं असेल, तर नंतर फिरलेलं असो वा सिझेरियन झालेलं असो, खुब्यांची सोनोग्राफी मागून घ्या. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

२० फेब्रुवारीला सहा आठवड्यांच्या लसीसाठी गेलो. बालरोगतज्ज्ञांनी तिला पाठीवर झोपवून दोन्ही गुडघे दुमडले आणि मांड्या बाजूला उघडल्या, पुस्तक उघडावं तशा. उजवी जवळजवळ टेबलाला टेकली. डावी अर्ध्यावर अडली. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. मग दुमडलेल्या दोन्ही गुडघ्यांची उंची डोळ्यांच्या रेषेत आणून पाहिली. डावा गुडघा किंचित खाली होता. मांडीच्या वळ्याही दोन्हीकडे सारख्या नव्हत्या, पण त्यावर ते म्हणाले, “वळ्यांवर जाऊ नका. चांगल्या खुब्यांच्या कितीतरी बाळांच्या वळ्या अशाच असतात. मला हे न उघडणं आवडलेलं नाही.” आणि मग विचारलं, “शेवटच्या महिन्यात बाळ कसं होतं?”

मी म्हटलं, उलटं होतं, पण फिरवलं. त्यांनी पेन खाली ठेवला.

त्यांनी तेव्हा जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. खुबा म्हणजे वाटी आणि गोळा. वाटी कमरेच्या हाडात आणि गोळा मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला. नवजात बाळात हे बरंचसं कूर्चेचं, मऊ असतं. गोळा वाटीत नीट बसलेला असेल तर वाटी त्याच्याभोवती खोल होत जाते. गोळा कडेला किंवा बाहेर राहिला तर वाटी उथळच राहते, आणि उथळ वाटीत गोळा टिकत नाही. म्हणजे दोघांनी एकमेकांना घडवायचं असतं. पूर्ण निखळलेला खुबा हजारात एक-दोन बाळांत सापडतो. नुसती उथळ वाटी त्याहून बरीच जास्त. मुलींमध्ये जास्त, पहिलटकरणीच्या बाळात जास्त, घरात आधी कुणाला असेल तर जास्त, उलट्या बाळांत जास्त. आणि डाव्या बाजूला जास्त, कारण पोटात बहुतेक बाळांचा डावा खुबा आईच्या पाठीच्या कण्याकडे असतो आणि तिथे पाय उघडायला जागा कमी मिळते. आमची लेक मुलगी, पहिली, उलटी आणि डावी. घराण्यातलं सोडलं तर सगळ्या रकान्यांत खूण.

मी विचारलं, जन्माच्या वेळी तपासलं होतं ना? ते म्हणाले, तपासलं असणार. मांडी दुमडून, आत-बाहेर हलवून गोळा सरकतो का ते हाताला जाणवावं लागतं. ऑर्टोलानी आणि बार्लो या दोन डॉक्टरांच्या नावाने त्या तपासण्या ओळखल्या जातात. बार्लो यांची १९६२ची. बाळ रडत असेल, पाय ताठ असतील, तर अनुभवी हातालाही चकवा बसतो. काही खुबे जन्मताना जागेवर असतात आणि नंतर सरकतात. शिवाय दोन-तीन महिन्यांनंतर स्नायू आखडतात आणि ती ‘खटकन्’ सरकण्याची खूण मिळेनाशी होते. तेव्हा पाय कमी उघडणं हीच मुख्य खूण उरते. जन्माच्या वेळी तपासणाऱ्या व्यक्तीवरचा माझा राग तिथेच बराचसा उतरला. सगळा नाही.

घरी आल्यावर आई म्हणाली, “अगं, हसतेय की ती. काय झालंय तिला?” पुढचं जवळजवळ दीड वर्ष आमच्या घरात हेच वाक्य वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू आलं. बाळाला हा खुबा दुखत नाही. ती लाथा मारते, दूध पिते, झोपते. जे तिच्या चेहऱ्यावर कुठेच दिसत नाही, ते कागदावरच्या एका कोनावर विश्वास ठेवून मान्य करायचं. मला तरी सगळ्यांत जड हेच गेलं.

सोनोग्राफीची विनंती २१ फेब्रुवारीला गेली. आठवडाभर काहीच नाही. २८ला मी फोन केला तर समजलं की विनंती परत पाठवली आहे: कारणात ‘उलटं बाळ’ लिहिलंय आणि जन्माच्या नोंदीत ‘डोकं खाली’ आहे, मेळ बसत नाही. म्हणजे कुणीही चूक लिहिलं नव्हतं आणि तरी कागद अडला. मी प्रसूतीआधीचा सोनोग्राफी रिपोर्ट शोधला, त्यावर ३५व्या आठवड्यात बाळ उलटं असल्याची नोंद होती. बालरोगतज्ज्ञांनी ‘पाय कमी उघडतो’ हे पहिलं कारण करून नवीन चिठ्ठी दिली. दोन्ही जोडून पुन्हा पाठवलं. तारीख मिळाली १४ मार्च. बाळ नऊ आठवड्यांचं. गरोदरपणाचे रिपोर्ट बाळ झालं म्हणून टाकून देऊ नका. आणि विनंती पाठवल्यावर तीन दिवसांत ‘पोचली का’ असा फोन करा. मी भिडेखातर आठवडा घालवला.

खुद्द सोनोग्राफी मजेशीर होती. बाळाला कुशीवर झोपवण्यासाठी होडीसारखी एक गादी असते, तिच्यात ती आरामात पडून राहिली. पोट भरलेलं बाळ न्यावं, म्हणजे पाय ढिले राहतात. चार-साडेचार महिन्यांच्या आतल्या बाळाला एक्स-रेपेक्षा सोनोग्राफी चांगली, कारण मांडीच्या गोळ्यात अजून हाड तयार झालेलं नसतं आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. ऑस्ट्रियाचे डॉक्टर राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० मध्ये ही पद्धत मांडली. वाटीच्या हाडाच्या छताचा उतार कोनात मोजतात, त्याला अल्फा कोन म्हणतात. ६० अंश किंवा जास्त म्हणजे चांगलं. आमचा उजवा ६३. डावा ४१, आणि गोळा बाहेर. रिपोर्टवर लिहिलं होतं ‘ग्राफ टाइप ३’, म्हणजे निखळलेला खुबा. मी गाडीत बसल्यावर रडले. नवऱ्याने तोवर कागदाचा फोटो काढून वाचायला सुरुवात केली होती. माणसं वेगवेगळ्या रीतीने घाबरतात.

लहान मुलांच्या अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ १८ मार्चला मिळाली आणि त्याच दिवशी पावलिक हार्नेस बांधला. हा मऊ कापडी पट्ट्यांचा साज आहे: छातीभोवती एक पट्टा, खांद्यांवरून दोन, आणि पायांना रिकिबीसारखे आधार. पुढचे पट्टे मांड्या पोटाकडे दुमडलेल्या ठेवतात, मागचे पट्टे मांड्या मिटू देत नाहीत. बाळ बेडकासारखं दिसतं. आर्नोल्ड पावलिक या चेक डॉक्टरांनी हा १९४०च्या दशकात आणला. त्याआधी ताठ चौकटीत पाय जोराने फाकवून ठेवत आणि त्यात गोळ्याचा रक्तपुरवठा दबून हाड खराब होण्याची भीती मोठी असे. पावलिकांचा मुद्दा असा की बाळाला लाथा मारू द्याव्यात. त्या लाथांनीच गोळा आपल्या जागी घसरतो. मला हे फार आवडलं. माझी मुलगी स्वतःच स्वतःचा उपचार करणार होती.

हार्नेस २४ तास. आंघोळीलाही काढायचा नाही, फक्त ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. पट्टे कुठे लावलेत तिथे डॉक्टरांनी पेनाने खुणा केल्या आणि बजावलं की स्वतः घट्ट-सैल करायचं नाही. छातीच्या पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत. डायपर पट्ट्यांच्या आतून बांधायचा, आणि बदलताना पावलं धरून पाय वर उचलायचे नाहीत. ढुंगणाखाली तळहात घालून उचलायचं. पायात लांब मोजे घातले की पट्टे पोटऱ्यांना काचत नाहीत. गुडघ्यामागे, जांघेत आणि मानेच्या वळीत रोज बोट फिरवून लालसरपणा बघायचा. दूध पाजताना मांडीवर आडवं घेणं जमेना, तेव्हा तिला काखेखाली, पाय माझ्या पाठीकडे असं धरायला शिकले. अंगात समोरून उघडणारे, दोन मापं मोठे झबले. आणि दिवसातून दोनदा पाहायचं की ती गुडघा सरळ करते का. मांडी जास्त दुमडली गेली तर मांडीच्या पुढच्या नसेवर दाब येतो आणि लाथ बंद होते. तसं झालं तर त्याच दिवशी फोन. दुसऱ्या रात्री तिचा डावा पाय हलेना म्हणून आम्ही अर्धा तास बॅटरी लावून बसलो. बाईसाहेब गाढ झोपल्या होत्या.

दर आठवड्याला सोनोग्राफी: २५ मार्च, १ एप्रिल, ८ एप्रिल. पहिल्या वेळी गोळा ‘वाटीच्या दिशेने’. दुसऱ्या वेळी ‘फरक नाही’. ८ एप्रिलला डॉक्टरांनी हार्नेस काढला. मला वाटलं होतं अजून महिना चालवून पाहतील. त्यांनी सांगितलं की तीन-चार आठवड्यांत गोळा आत गेला नाही, तर हार्नेस चालू ठेवणं नुकसान करतं: बाहेर बसलेला गोळा वाटीची मागची कड घासत राहतो. बहुतेक बाळांत हार्नेस काम करतो. आमच्यात नाही केला.

मी विचारलंच. सोनोग्राफीची वाट पाहण्यात ते तीन आठवडे गेले नसते तर? ते म्हणाले, लवकर सुरू केलेला हार्नेस जास्त यशस्वी होतो हे खरं, पण पूर्ण बाहेर असलेले काही खुबे पहिल्या आठवड्यातही दाद देत नाहीत. “तुमचा कुठला होता ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही.” खोटा धीर दिला नाही याबद्दल मी त्यांची आभारी आहे, पण त्या रात्री मला तो खोटा धीर चालला असता.

पुढचा टप्पा: भूल देऊन, खुबा उघडी शस्त्रक्रिया न करता हाताने जागेवर बसवायचा आणि प्लास्टर घालायचं. त्यासाठी सहा महिन्यांचं वय ठरवलं. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत काहीच करायचं नव्हतं. बाळ पालथं पडलं, बोटं चोखू लागलं, आम्ही फोटो काढले, आणि प्रत्येक फोटोत मी डावा पाय बघत होते. तिला नेहमी कडेवर घ्या, म्हणाले, पाय दोन्ही बाजूंना. पाय सरळ जुळवून घट्ट गुंडाळणं टाळा. जपानमध्ये १९७०च्या दशकात बाळांचे पाय सरळ बांधू नका अशी मोहीम झाली आणि निखळलेल्या खुब्यांचं प्रमाण खूप खाली आलं. मी जन्मल्यापासून तिला व्यवस्थित, पाय सरळ करून गुंडाळत होते. छान दिसतं म्हणून. दुपट्यात हात गुंडाळले तरी चालतात. पायांना मात्र दुमडायला आणि फाकायला जागा हवी.

याच रिकाम्या काळात विम्याचं प्रकरण झालं. पूर्वमंजुरीचा अर्ज मे महिन्यात दिला. १९ दिवसांनी नकार आला: ‘जन्मजात दोष पॉलिसीत बसत नाहीत.’ या आजाराच्या इंग्रजी नावात पूर्वी ‘कंजेनायटल’ म्हणजे जन्मजात असा शब्द होता. १९८०च्या दशकाच्या अखेरीला डॉक्टरांनीच तो बदलून ‘डेव्हलपमेंटल’, म्हणजे वाढीदरम्यान होणारा, असा करायचा आग्रह धरला, कारण प्रत्येक खुबा जन्मतः निखळलेला नसतो. अर्जात आमच्याच हाताने, मराठीतून सोपं करून सांगायच्या नादात, ‘जन्मजात’ लिहिलं गेलं होतं. डॉक्टरांनी अर्ध्या पानाचं पत्र दिलं, त्यात आजाराचं आजचं नाव, जन्माच्या वेळची ‘खुबे ठीक’ ही नोंद आणि नऊ आठवड्यांचा रिपोर्ट. जी नोंद मला आधी चीड आणत होती, तीच इथे कामी आली. दुसऱ्या अर्जाला मंजुरी मिळाली, पण ती पहिल्या भुलीपुरती. प्लास्टर बदलणं, ते काढणं, पुढचा ब्रेस (प्लास्टरनंतर पाय फाकलेले ठेवणारा, काढता-घालता येणारा आधार), प्रत्येकाची वेगळी मंजुरी. अर्ज करायच्या आधी विचारा की सगळ्या टप्प्यांचा मिळून एक अंदाजपत्रक-कागद मिळेल का. आमच्याकडे तो तिसऱ्या फेरीत निघाला. ब्रेसचे पैसे शेवटी आम्हीच भरले.

शस्त्रक्रियेची पहिली तारीख २६ जून. आदल्या दिवशी नाक गळायला लागलं आणि भूलतज्ज्ञांनी नकार दिला. सर्दीत श्वासनलिका चिडलेली असते, चार आठवडे थांबा. मी सुट्टी मांडून ठेवलेली, आई मुद्दाम येऊन राहिलेली, सगळं मुसळ केरात. नवी तारीख २४ जुलै. यावेळी आठ दिवस आधीपासून आम्ही कुणाला घरात घेतलं नाही.

२४ला सकाळी उपाशी ठेवणं ही मोठी धास्ती होती. आम्हाला सांगितलेलं वेळापत्रक: आईचं दूध चार तास आधीपर्यंत, नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत. म्हणून मी पहाटे तीनला गजर लावून, तिला झोपेतच पोटभर पाजलं. दारापर्यंत मला जाऊ दिलं. मास्क लावताना तिने माझं बोट धरलेलं होतं, मग पकड सुटली.

आत काय झालं ते नंतर चित्र काढून दाखवलं. खुब्यात रंगद्रव सोडून एक्स-रेवर गोळा आणि वाटीमध्ये काही अडकलंय का ते पाहिलं. जांघेतला आखडलेला स्नायुबंध छोट्या छेदातून सैल केला. गोळा आत बसवला, तो कुठल्या कोनात टिकतो ते पाहिलं आणि त्या कोनात प्लास्टर घातलं. जास्त फाकवलं तर पक्कं बसतं पण रक्तपुरवठा धोक्यात. कमी फाकवलं तर पुन्हा सटकतं. मधली जागा शोधायची असते. दीड तास लागला. दुसऱ्या दिवशी एमआरआयने गोळा जागेवर असल्याचं बघितलं. ती दूध पिऊन झोपली होती, त्यामुळे पुन्हा भूल लागली नाही.

मला परत मिळालं ते बाळ छातीपासून घोट्यांपर्यंत फायबरग्लासमध्ये होतं, गुडघे दुमडलेले, पाय फाकलेले, मध्ये डायपरसाठी खिडकी. पहिल्या तीन रात्री वाईट गेल्या. स्नायू झटके देत आणि ती दचकून रडे. घरी जाताना देतात ते वेदनाशामक वेळेवर, घड्याळ लावून द्या. रडायची वाट बघू नका. चौथ्या दिवशी ती हसली आणि आईने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं.

आता डायपर, कारण प्लास्टरचे बारा आठवडे म्हणजे मुख्यतः डायपर. एक लहान मापाचा डायपर, त्याचे पंख कापून, खिडकीतून पुढून-मागून प्लास्टरच्या आत सारायचा. त्यावर मोठ्या मापाचा दुसरा, प्लास्टरच्या बाहेरून बांधायचा. दर दोन तासांनी बघायचं, रात्रीही दोनदा उठून. लघवी पाठीकडे ओघळते, म्हणून झोपवताना डोक्याची बाजू थोडी उंच, म्हणजे ओघ खिडकीकडे जातो. प्लास्टरच्या कडांना चिकटपट्टीचे छोटे तुकडे पाकळ्यांसारखे आत-बाहेर चिकटवले की कड टोचत नाही आणि ओलही शोषत नाही. नर्सने पहिल्या दिवशी दाखवलं नसतं तर आम्हाला सुचलं नसतं. तरी दुसऱ्या आठवड्यात एकदा सगळं आत गेलं. केस वाळवायच्या यंत्राची थंड हवा, फक्त थंड, अर्धा तास. पावडर अजिबात नको, आत गोळे होतात. खाजवायला काहीही आत घालू नका. वास येतोच, पण अचानक वेगळा कुजका वास, ताप किंवा आतून ओल दिसली तर दाखवायला न्या. पायाची बोटं रोज पाहायची: गुलाबी, ऊबदार, नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत रंग परत.

उचलताना पायांमधल्या आडव्या दांडीला हात घालायचा नाही, ती धरायच्या मुठीसारखी दिसली तरी. एक हात ढुंगणाखाली, एक पाठीखाली. दर तीन-चार तासांनी कूस बदल, कधी पालथं, छातीखाली उशी. वजन इतकं वाढतं की माझं मनगट महिनाभर दुखत होतं. गाडीतली बाळाची खुर्ची निरुपयोगी ठरली, पाय मावेनात. याची सोय शस्त्रक्रियेआधी करायला हवी होती. आम्ही डिस्चार्जच्या दिवशी वाहनतळात उभं राहून शोधत होतो आणि तीन तास उशिरा निघालो. कमी उंचीच्या कडांची खुर्ची भाड्याने मिळाली.

ती कंटाळेल असं वाटलं होतं. पाचव्या आठवड्यात ती पालथी पडून, हातांनी रेटून, कासवासारखी जमिनीवर फिरायला लागली. फरशीवर प्लास्टर घासल्याचा खर्रखर्र आवाज आला की कळायचं, निघाली.

४ सप्टेंबरला पुन्हा भूल, जुनं प्लास्टर काढलं, खुबा स्थिर आहे हे पाहिलं, नवं घातलं. या मधल्या एका तासात नर्सने तिला आंघोळ घालून दिली. सहा आठवड्यांचा मळ गेलेलं ते बाळ मला ओळखू येईना. १६ ऑक्टोबरला दुसरंही काढलं, यावेळी जागेपणी. करवत भयंकर आवाज करते, पण तिचं पातं गोल फिरत नाही, नुसतं थरथरतं, त्यामुळे मऊ त्वचा कापली जात नाही. कानांवर आवाज अडवणारं काहीतरी घाला. लेकीपेक्षा नवरा जास्त घाबरला होता.

प्लास्टर निघाल्यावर आनंद होईल अशी माझी कल्पना होती. ती दोन दिवस सतत रडली. पाय हलके, उघडे, आधाराविना. रात्री तर उशा लावून जुनाच आकार करून द्यावा लागला. पाय बेडकासारखेच राहिले, कातडीचे पापुद्रे निघत होते, डावी मांडी बारीक झाली होती. पाय ओढून सरळ करू नका असं सांगितलं होतं, ते आपोआप जवळजवळ तीन आठवड्यांत खाली आले. मग ब्रेस: सहा आठवडे आंघोळ सोडून सतत, त्यानंतर एप्रिलअखेरपर्यंत फक्त झोपेत. मऊ असल्याने तो सोपा गेला. वेल्क्रो उघडायला ती तिसऱ्या आठवड्यात शिकली. त्यावरून पायमोजा चढवला.

बाकीचे महिने कोन मोजण्यात गेले. एक्स-रेमध्ये वाटीच्या छताचा उतार मोजतात आणि इथे उलट हिशोब, आकडा जितका कमी तितका बरा. शस्त्रक्रियेआधी ३६. प्लास्टर काढलं तेव्हा ३३. वर्षाच्या वाढदिवसानंतर ३०. हे तीन-तीन अंश मी तोंडपाठ म्हणायचे, आणि दर वेळी निकालाआधीच्या रात्री झोप नाही. वर्षाच्या एक्स-रेत डाव्या गोळ्यातलं हाड उजव्यापेक्षा लहान दिसत होतं, म्हणून रक्तपुरवठ्याची शंका आली आणि सहा महिने तीही पोटात घेऊन हिंडलो. अठराव्या महिन्यात ते वाढलेलं दिसलं, वाटी २६. दोन वर्षांना २४. वाटी अशीच भरत गेली नाही तर चार-पाच वर्षांच्या आसपास कमरेच्या हाडावर शस्त्रक्रिया लागू शकते, आणि वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे किशोरवय संपेपर्यंत, अधूनमधून एक्स-रे असतीलच.

ती सोळाव्या महिन्यात चालली, ब्रेस सुटल्यावर पंधरा दिवसांनी. न लंगडता. त्या संध्याकाळी आई काही बोलली नाही, नुसती तिच्या मागे मागे फिरत राहिली.

या जानेवारीत खिडकीवरच्या बाईंनी संगणकावर नाव घातलं आणि वाचलं, “डोकं खाली, नैसर्गिक.” मी तोंड उघडणार तोच त्या पुढे म्हणाल्या, “३६ आठवड्यांपर्यंत उलटं. लिहिलंय इथे.” कुणी आणि कधी लिहिलं कोण जाणे. मी मान डोलावली.

फाइल मी कपाटाच्या वरच्या खणात ठेवते, कारण लेकीला त्यातली काळी फिल्म खिडकीला लावून बघायची असते. परवा तिने स्वयंपाकघरातून स्टूल ओढत आणलं, डावा पाय आधी टाकून वर चढली आणि फाइल खाली काढली.